गुरुवारचं पान

कोल्डवेल, १६ ऑक्टोबर

लिनेट,

टपालाने पाठवते आहे, कारण माझा फोन आणि लॅपटॉप पोलिसांनी पारदर्शक पिशवीत भरून नेलेत, आणि कार्लाइलला तुझ्या लेकीच्या दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही. शुक्रवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू माझ्याशेजारून निघून गेलीस, मान वळवून पाहिलंसुद्धा नाहीस.

मला एक वकील दिली आहे, मिस ओकॉफोर. वय असेल तीस. ती म्हणते, पाकिटात घालून एका माणसाला पाठवलेलं पत्र म्हणजे प्रसिद्धी होत नाही, तेवढं चालेल. "पण मॅरिअन, इंटरनेटवर एक अक्षर नाही. कुत्रं हरवलं तरी नाही." मी गॅस चालू ठेवून बाजारात जाणारी म्हातारी असावी, अशा सुरात ती माझ्याशी बोलते.

जे झालं ते तू दुसऱ्यांकडून ऐकलंस. आता माझ्याकडून ऐक. 'कोल्डवेल: काल आणि आज' हे फेसबुकचं पान मी नऊ वर्षं चालवते आहे. दर गुरुवारी लायब्ररीतल्या जुन्या साप्ताहिकातलं काहीतरी टाकते. खाण बंद झाली त्या दिवसाचा फोटो, शाळेचं संमेलन, बँडची मिरवणूक. लोक त्याला 'गुरुवारचं पान' म्हणतात आणि चहा पिता पिता आपापले आजोबा शोधतात. या गुरुवारी अठरा वर्षांपूर्वीची, कुणाच्या वाफ्यात सगळ्यात जाड लीक पिकला त्याची स्पर्धा होती. सिरिल टर्नबुल, पहिलं बक्षीस, मनगटापेक्षा जाड दोन लीक बाळं धरावीत तसे छातीशी धरलेले. त्याच पानावर खाली कोपऱ्यात कोर्टाच्या बातम्या होत्या आणि त्यात आपल्या कॅलमच्या खटल्यातल्या आरोपीच्या, कीथ रडिकच्या, चार ओळी होत्या. दारू पिऊन गाडी चालवली, रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, परवाना तीन वर्षं रद्द. माझं तिकडे लक्ष गेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय. पोलिसांना मी हेच सांगितलं आणि तुलाही हेच सांगते.

ज्युरीतल्या बारा जणांपैकी एकीने ते पाहिलं. शुक्रवारी सकाळी तिने शिपायाच्या हाती चिठ्ठी दिली की आरोपीबद्दल मला जे कळायला नको होतं ते कळलं आहे, आणि मी ते आणखी दोघांना दाखवलं. भली बाई म्हणायची, नाहीतर गप्प बसली असती. न्यायाधीशबाईंनी बाराच्या बारा घरी पाठवले. आता नवी ज्युरी, नवा खटला, कधी ते माहीत नाही.

सिरिल साक्षीदारांच्या खोलीत सुटाबुटात बसला होता. दहा वाजता त्याला बोलावणार होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, खाणीतल्या धुळीने छाती भरलेली, दोन जिने चढून आला होता. त्याला सांगितलं, घरी जा.

मला माहीत आहे तुझा जीव कशावर टांगला आहे. त्या डिसेंबरात साडेचार वाजता, अंधार पडताना, आपला कॅलम, तुझं लेकरू, बेकरीतल्या कामावरून सायकलवर निघाला आणि रडिकच्या व्हॅनखाली गेला. रडिक म्हणतो सायकलचा मागचा दिवा लागलेला नव्हता, पोरगं एकदम व्हॅनसमोर आलं. दिव्याचा चुराडा झाला, तज्ज्ञांना काही सांगता येत नाही. आणि तू त्याच दिवशी सकाळी त्याला म्हणाली होतीस, बॅटरी बदल, ड्रॉवरमध्ये आहेत. तो म्हणाला होता, आल्यावर. सरकारी वकील म्हणाले दिवा चालू होता, त्यावर तू म्हणालीस, वकील काय, पगार घेऊन काहीही म्हणेल. सिरिल रस्त्यालगतच्या त्याच्या भाजीच्या वाफ्यातून बघत होता, तो शपथेवर सांगेल तेव्हा मी मानेन, हे तुझेच शब्द. शुक्रवारी दहाला तो सांगणार होता.

रागाव. पण जेवत जा.

मॅरिअन

कोल्डवेल, २१ नोव्हेंबर

लिनेट,

नवी तारीख कळली असेल. तेरा मे. बाराखडी शिकवावी तसं मिस ओकॉफोरने मला समजावलं. त्या बारा जणांनी फक्त त्या खोलीत जे ऐकलं त्यावरच ठरवायचं. बाहेरची गोष्ट खरी असली, छापून आलेली असली, सगळ्या गावाला पाठ असली, तरी ती त्यांच्या कानावर घालायची नाही. आणि माझा हेतू काय होता याच्याशी माझ्यावरच्या कोर्टाच्या अवमानाच्या गुन्ह्याचा संबंध नाही. हेतू फक्त शिक्षा ठरवताना बघतात. "म्हणजे चुकून झालं असेल तर बरं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

मी रोज दुपारी सिरिलकडे सूप घेऊन जाते. त्याला कोण आहे? मुलगी कॅनडात. ऑक्सिजनचं यंत्र आता त्याच्या खुर्चीशेजारी असतं, आणि तो त्याच्यावर टोपी टांगतो. मे महिना त्याला गाठायचा आहे, आणि तो गाठेल यासाठी मी जे करता येईल ते करते आहे. हेतू विचारशील तर हा आहे. मी काही देवदूत नाही.

आमचं बोलणं कसं चालतं ते सांगते.

"काय आहे आज?"

"लीक आणि बटाटा."

"कुणाचे लीक?"

"बाजारातले."

"मग ते लीक नव्हेत, पोरी. त्या दोऱ्या आहेत." दोन चमचे. "मीठ संपलंय का तुझ्या घरात?"

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

"डॉक्टरांना दे मग."

तासभर असंच. त्याच्या खिडकीतून तो रस्ता दिसतो, त्याच्या वाफ्याचं फाटक दिसतं. जे तुला जाणून घ्यायचं आहे ते माझ्यापासून दोन फुटांवर, त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे, आणि मला विचारता येत नाही. विचारलं तर उद्या त्यांचा वकील म्हणेल, मावशीने पढवलेला साक्षीदार. आयुष्यभर मी लोकांच्या चौकशा करून गावभर सांगत आले, तू नेहमी म्हणायचीस, मॅरीच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता बघ माझी काय गत झाली आहे.

दुकानात पाव घेताना मिसेस डॉब्सनने माझा हात दाबला. "चांगलं केलंस, बाई. कुणीतरी करायला हवंच होतं." मी म्हटलं, चुकून झालं. ती म्हणाली, हो हो, अर्थातच, आणि डोळा मिचकावला.

मॅरिअन

कोल्डवेल, ४ जानेवारी

लिनेट,

तुझं नाताळचं कार्ड आलं नाही. मी वाट बघत नव्हते. पोस्टमनला दोनदा विचारलं तेवढंच.

एक गोष्ट तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच आधी सांगते. तुझ्या शेजारच्या डेनिस रॉब्सनने 'कॅलमला न्याय द्या' असं नवीन फेसबुक पान काढलं. नाताळच्या आठवड्यात त्यावर आठशे माणसं जमली. मला ते बघायची मनाई आहे, पण क्लबात त्याने कागदावर छापून भिंतीवर लावलं होतं. रडिकचा फोटो, आणि खाली माझं गुरुवारचं पान. ते फेसबुकवरून काढून टाकण्याआधी कुणीतरी साठवून ठेवलं होतं. सिरिलचे लीक आणि रडिकच्या चार ओळी, लाल रंगाने गोल केलेल्या.

मी क्लबात गेले. बायका बिंगोला बसल्या होत्या. मी डेनिसला म्हटलं, हे काढ, आणि ते पानही बंद कर.

"का?"

"कारण मे महिन्यातली ज्युरीही इथल्याच आसपासच्या गावांतली असेल. पुन्हा कुणी बघेल, पुन्हा सगळे घरी जातील. मग पुढच्या नाताळपर्यंत सिरिल आहे का?"

"तू टाकलंस तेव्हा चालतं होय? आम्ही टाकलं की पाप."

"मी मुद्दाम टाकलं नव्हतं. पान कापायचं राहून गेलं."

तो हसला. वाईट हसला असं नाही, आपल्या माणसाला हसतात तसं. "मॅरिअन, नऊ वर्षं तुझी पानं बघतोय मी. तू फक्त फोटो कापून टाकतेस. माझ्या बापाच्या फोटोत बाजूला माझी आई होती, तिलासुद्धा तू कापलंस. आणि नेमकं त्याच आठवड्यात सबंध पान टाकलंस. आम्ही काय आंधळे आहोत? म्हणून तर सगळे तुला शाबासकी देतात."

बिंगोचे आकडे पुकारणाराही थांबला होता. मी स्टुलावर चढून तो कागद काढला. टाचण्या निघेनात, नख तुटलं. मग डेनिसनेच मला उतरायला हात दिला आणि म्हणाला, बंद करतो, पण तुझ्यासाठी नाही, लिनेटसाठी. दुसऱ्या दिवशी पान बंद झालं असं ऐकलं.

तो कापण्याबद्दल जे म्हणाला त्यावर मी काही बोलले नाही. इथेही बोलत नाही. सिरिलला सर्दी झाली आहे. मी सुपात आलं घालते, तो म्हणतो औषधाचा वास येतो.

मॅरिअन

कोल्डवेल, ९ मार्च

लिनेट,

सिरिल इस्पितळात आहे. न्यूमोनिया. गेल्या शनिवारी रुग्णवाहिका आली. आज तो बरा आहे, म्हणजे शिव्या देतो आहे.

मंगळवारी मी त्याच्याजवळ बसले होते. ताप होता. डोळे मिटून पडला होता, मला वाटलं झोपला. मग डोळे न उघडता म्हणाला, "पोरी, मी गेलो तर कुणाला कळणार नाही. तुला सांगून ठेवतो. त्या दिवशी फाटकापाशी ते पोरगं..."

लिन, माझ्या हातात सुपाचा चमचा होता. मी तो त्याच्या तोंडात खुपसला. खरंच खुपसला. सूप गळ्यावर सांडलं, त्याला ठसका लागला, नर्स धावत आली. ती माझ्यावर ओरडली आणि तिचं बरोबर होतं. सिरिलने खोकून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच मान हलवली. त्याला कळलं. नंतर आम्ही दोघं हवामानाबद्दल बोललो.

बाहेर येऊन मी बसथांब्यावर रडले. तो मेला असता तर? 'ते पोरगं' याच्या पुढचे शब्द मी त्याच्या घशात परत ढकलले होते. त्याचा लेखी जबाब पोलिसांकडे आहे, तो गेला तर वाचून दाखवतात म्हणे. पण कागदाला कुणी उलट प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून ज्युरी कागदावर अर्धाच विश्वास ठेवते. आणि तू तर तेवढाही ठेवणार नाहीस.

काल जोऍन आली होती, पोलिसांतली, जी कॅलम गेल्यापासून तुझ्याकडे येत असे. चहा घेतला नाही, त्यावरूनच मी ओळखलं. रडिकच्या वकिलाला कळलं आहे की मुलाची मावशी साक्षीदाराला रोज जेवण पोचवते. आता कोर्टाने माझ्यावर अट घातली आहे. निकाल लागेपर्यंत सिरिलला भेटायचं नाही, कोर्टाच्या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. "तुम्ही चांगल्या मनाने करत होता हे मला माहीत आहे," जोऍन म्हणाली. "पण दिसतं कसं ते बघा."

म्हणजे बघ. आधी पान टाकून मी त्याची साक्ष हुकवली. आणि मग त्याला जगवायला गेले, तर त्याच सुपाने त्याच्या शब्दावर डाग पडला.

म्हणून आता लिहिते. जोऍन गेल्यावर मी ओट्याशी उभी होते, त्याचं सूप गरम करून ठेवलेलं होतं, न्यायचं कुठे ते कळेना, आणि मला माझीच इतकी चीड आली की बसून हा कागद घेतला.

मी ते पान मुद्दाम टाकलं.

बुधवारी दुपारी ज्युरीला बाहेर पाठवून वकिलांचा वाद झाला तेव्हा तू खाली कॉफी घ्यायला गेली होतीस. मी वर बसून होते. न्यायाधीशबाई म्हणाल्या, आरोपीची अठरा वर्षांपूर्वीची शिक्षा फार जुनी आहे, ज्युरीला सांगायची नाही. रडिक तिथे फुटबॉल क्लबचा टाय लावून बसला होता. त्याने डोळे मिटून श्वास सोडला. मी तो श्वास पाहिला आणि माझं डोकं फिरलं. घरी जाताना लायब्ररी उघडी होती. मला ती बातमी आठवत होती, पानही आठवत होतं, लायब्ररीच्या नोकरीत तेवीस वर्षं त्याच कपाटापाशी काढली मी. लीक आणि रडिक एकाच पानावर आहेत हे मला माहीत होतं. देवानेच सोय केली असं वाटलं. कुणी विचारलंच तर लीक दाखवायचे.

गुरुवारी सकाळी आठला टाकलं. चहा केला. आणि मला फार बरं वाटलं. ते तुला कळायला हवं.

मी स्वतःला सांगितलं, खरं तेच तर टाकलं. खरं सांगायला कुणाची भीती? पण खरं सांगायचा दिवस शुक्रवार होता आणि सांगणारा सिरिल होता. माझा नंबरच नव्हता. मी मध्ये घुसले.

हे पत्र हवं तर पोलिसांना दे. चुकून झालं म्हटलं तर दंडावर भागेल, मुद्दाम म्हटलं तर तुरुंग होऊ शकतो, असं मिस ओकॉफोर म्हणते. मी अजून ठरवलेलं नाही. हेही खरंच लिहिते. तुरुंगाची मला भीती वाटते, लिन. तिथे एका खोलीत दोघी असतात म्हणे, आणि मी घोरते.

मॅरिअन

कोल्डवेल, १६ मे

लिनेट,

आज चौथा दिवस. तू आत असशील. मला काही माहीत नाही, आणि कुणी सांगायला आलं तर मी दार लावून घेते. डेनिस काल फाटकापर्यंत आला होता, त्याला हातानेच परत पाठवलं. टीव्ही बंद आहे. रेडिओसुद्धा बंद. घड्याळ तेवढं चालू आहे, तेही कधी बंद करावं असं वाटतं.

सकाळी साडेआठला पोलिसांची गाडी सिरिलला घेऊन गेली. मी पडद्यामागून पाहिलं. तोच सूट, आता त्यात दोन सिरिल मावतील. ऑक्सिजनचं यंत्र चाकांवर, त्यावर टोपी. गाडीत बसण्याआधी तो थांबला आणि माझ्या खिडकीकडे बघून चमचा तोंडात घालण्याची खूण केली. हसत होता की दम लागला होता, ते इतक्या लांबून कळलं नाही.

आता सव्वाअकरा झालेत. तो पिंजऱ्यात उभा असेल. बसायला देतात का गं? आजारी माणसाला देत असतील.

माझी सुनावणी सत्तावीस जूनला आहे. मिस ओकॉफोर काल आली होती. मी तिला सगळं सांगितलं, लायब्ररीचं, श्वासाचं, चहाचं. तिने पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही कोर्टात सांगणार आहात?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग मी तुमचं ऑक्टोबरचं 'चुकून' मागे घेते." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे चहा मागितला.

तुझ्या उत्तराची अपेक्षा ठेवून लिहीत नाही. एकच मागणं आहे. सिरिलने दिव्याबद्दल काय सांगितलं, ते मला पेपरातून कळू नये. ते तू सांग. काही वाईट असलं तरी तूच सांग. पाकिटावर तिकीट नसलं तरी मी पैसे भरून घेईन.

मॅरिअन

कोल्डवेल, २३ मे

मॅरी,

मी घरी आले आहे, माझ्या घरी. पाच पत्रं आली, पाचही वाचली. हे टपालात टाकत नाही, तुझ्या दारातून आत सरकवते आहे. दार वाजवणार नाही.

निकाल कळला असेल. दोषी, पण बेपर्वाईने मृत्यू एवढंच. धोकादायक रीतीने गाडी चालवल्याचं सिद्ध झालं नाही. शिक्षा पुढच्या महिन्यात सांगतील, जोऍन म्हणते फार नसेल.

सिरिलला खुर्ची दिली होती. तू विचारलं होतंस.

आधी त्यांनी तुझंच काढलं. रडिकचा वकील, बारीक आवाजाचा, गुळगुळीत. "मुलाची मावशी तुम्हाला रोज जेवण आणायची, मिस्टर टर्नबुल?"

"सूप."

"आणि अपघाताविषयी बोलणं व्हायचं."

"नाही."

"चार महिने, रोज एक तास, आणि कधीच नाही?"

"एकदा मी तोंड उघडलं," सिरिल म्हणाला. "तिने त्यात चमचा घातला. नर्सला विचारा, मी मरता मरता वाचलो." ज्युरीतला एक माणूस हसला आणि मग खाली बघू लागला. त्यानंतर त्या वकिलाने सुपाचं नाव काढलं नाही.

मग फोन. पोलिसांना दिलेल्या जबाबात सिरिलने लिहून दिलं आहे की व्हॅनवाला हातातल्या फोनकडे बघत होता. वकील म्हणाला, तुम्हाला चेहऱ्याखाली उजेड दिसला, तो गाडीतल्या वेग दाखवणाऱ्या काट्यांचाही असू शकेल? सिरिलने खूप वेळ विचार केला. यंत्राचा आवाज येत होता. तो म्हणाला, "असू शकेल. लिहून दिलं तेव्हा डोळ्यांसमोर होतं. आता सतरा महिने झाले, शपथेवर नाही सांगता येत." धोकादायक ठरवायचं होतं ते तिथे गेलं. मी तिथेच बसले होते, मला कळलं ते जाताना. ऑक्टोबरमध्ये दहा महिनेच झाले होते. हे मी तुला टोचायला लिहीत नाही आणि लपवतही नाही.

मग दिवा. वकील म्हणाला, संध्याकाळ, पावसाळी हवा, वय चौऱ्याऐंशी, दिवा चालूच होता असं इतक्या खात्रीने कसं सांगता?

"कारण बॅटऱ्या घालताना टॉर्च मी धरला होता."

वकिलाने जबाबाचे कागद चाळले. म्हणाला, हे यात कुठेही नाही. सिरिल म्हणाला, "मला दिवा चालू होता का एवढंच विचारलं. मी हो म्हटलं." मग तो वकिलाकडे बघायचा थांबला आणि माझ्याकडे बघून बोलू लागला. न्यायाधीशबाईंनी त्याला अडवलं नाही. पोरगं फाटकापाशी उतरलं, दिवा मंद झाला होता. खिशातून नव्या बॅटऱ्या काढल्या, जेवणाच्या सुट्टीत आणलेल्या. बोटं गारठलेली, झाकण निघेना. म्हणालं, टॉर्च धरा ना आजोबा, घरी असाच गेलो तर आई बोलेल. दिवा लागला तेव्हा सिरिलच्या वाफ्याच्या कुंपणावर लाल उजेड पडला.

दिवा चालू होता, मॅरी. मी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं.

आता माझं. तू पान मुद्दाम टाकलंस हे मला त्याच गुरुवारी सकाळी सव्वाआठला कळलं. कोर्टात जायला तयार होत होते, फोन हातात होता. सबंध पान बघितलं आणि कोपरा वाचला. तुला फोन करून काढ म्हणाले असते तर दहा मिनिटांत निघालं असतं, फार तर वीस जणांनी पाहिलं असतं. मी फोन पर्समध्ये टाकला. दिवसभर त्या बारा जणांच्या तोंडाकडे बघत होते, कुणी पाहिलं असेल का म्हणून. पाहिलं असावं असं वाटत होतं. मला ते आवडलं होतं.

पायऱ्यांवर तुझ्याकडे बघितलं नाही ते त्यामुळे. सात महिने तू एकटी चोर ठरलीस आणि मी कार्लाइलला बसून तुझी पत्रं वाचत होते.

सत्तावीस तारखेला मी येते. तू तुझं सांग. मग मी उभी राहीन आणि माझं सांगेन. मला कुणी विचारलेलं नाही, पण सिरिललाही विचारलं नव्हतं.

त्याचं सूप सध्या मी नेते. मीठ घालत नाही, तर म्हणतो, मॅरिअन बरी होती.

लिन